परदेशात गाडी चालवताना : ओळखीच्या पाट्यांपासून सावध

लायसन्ससाठी कोल्हापूरच्या आरटीओत ज्या पाट्या पाठ कराव्या लागतात, त्यातल्या बऱ्याचशा जर्मनी, फ्रान्स, इटलीतही जवळपास तशाच दिसतात. रस्त्यावरच्या चिन्हांबाबत १९६८ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८० मध्ये भारतही त्यात आला. लाल कडेचा त्रिकोण धोका सांगतो, लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ ‘असंच करा’ म्हणतं. त्यामुळे अनोळखी चित्र दिसलं म्हणून गडबडून जायचं कारण नाही. आकार आणि रंगावरून हुकूम कोणता ते कळतं. फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या पाटीने, नाहीतर जिथे पाटीच नाही अशा जागी.

टोकावर उभा असलेला पिवळा चौकोन हे पहिलं उदाहरण. युरोपात पांढऱ्या कडेचा, चित्र नसलेला असा चौकोन दिसला, तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि पुढच्या चौकांत आडव्या रस्त्याने येणाऱ्यांनी थांबायचं आहे. त्यावर काळे तिरपे पट्टे असले, की तो हक्क संपला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, थायलंड, मलेशिया या देशांत मात्र हाच आकार धोक्याची सूचना देतो, म्हणजे आपल्या लाल त्रिकोणाचं काम करतो. युरोपातल्या या चौकोनाखाली कधी छोटी पांढरी पाटी असते, तिच्यावर एक जाड रेघ आणि एक-दोन बारीक रेघा. जाड रेघ म्हणजे मुख्य रस्ता. ती डावीकडे वळत असेल आणि तुम्ही सरळ गेलात, तर मुख्य रस्ता तुम्ही सोडला. जर्मनीत जाड रेघेबरोबर वळतानाही इंडिकेटर द्यावा लागतो.

आता पाटी नसलेले चौक. राजारामपुरीत गल्लीच्या तोंडाशी जो आधी घुसला तो गेला, असा व्यवहार चालतो. जर्मनी-फ्रान्समध्ये वस्तीतल्या अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग त्याची गल्ली कितीही अरुंद असो. आपल्या नियमांतही हे आहे, पाळतो कोण हा प्रश्न वेगळा. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून आडव्या रस्त्यावरची पहिली गाडी डावीकडून समोर येते. दोन दिवसांत मान आधी डावीकडे वळायची सवय लागते आणि उजवीकडची गल्ली राहून जाते. लाल त्रिकोणात काळी फुली दिसली, तर पुढे असाच चौक आहे असं समजून ब्रेकवर पाय ठेवा.

वेगमर्यादेचं तर आकड्याशिवायही चालतं. जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली, की तिथून ५०, आकडा लिहिलेला नसला तरी. त्याच नावावर लाल तिरपी रेघ आली की गाव संपलं, साध्या रस्त्यावर १०० पर्यंत. पांढऱ्या वर्तुळावर नुसते तिरपे काळे पट्टे दिसले तर जर्मनीत आधीची बंधनं संपली. ब्रिटनमध्ये तशाच दिसणाऱ्या पाटीचा अर्थ देशाची ठरलेली मर्यादा लागू, असा होतो : दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कारला ताशी ६० मैल, दुभाजक असेल तर ७०. मैल, किलोमीटर नव्हे. ६० मैल म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. आणि निळ्या वर्तुळात ३० लिहिलं असेल तर ती कमाल नसून किमान मर्यादा आहे.

खरी मेख मुख्य पाटीखालच्या छोट्या पट्टीत असते. तिच्यावर नुसतं अंतर असेल तर गोष्ट तेवढ्या अंतरावर सुरू होते; अंतराच्या दोन्ही बाजूंना वर जाणारे बाण असतील तर ती तेवढ्या लांबीपर्यंत लागू. इटलीत एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. कामाच्या दिवसांत शनिवारही धरतात, जर्मनीतही तेच. जर्मनीत पार्किंगच्या पाटीखाली घड्याळाच्या तबकडीचं चित्र असेल तर गाडीत पुठ्ठ्याची तबकडी असते, ती काचेमागे ठेवायची आणि काटा पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा. १०:१० ला पोचलात तर १०:३०. इटलीत रस्त्यावरची निळी रेघ पैसे भरून, पांढरी फुकट, पिवळी राखीव.

इटलीत भाड्याची गाडी घेणाऱ्यांना सर्वांत महाग पडते ती जुन्या शहरांच्या तोंडाशी असणारी ‘झोना ट्राफिको लिमिटाटो’, म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश असलेल्या भागाची पाटी. मोकळं पांढरं वर्तुळ, लाल कड, खाली वेळा आणि वर कॅमेरा. अडवायला कोणी उभं नसतं. दंड काही महिन्यांनी घरी येतो, शिवाय गाडीवाली कंपनी तुमची माहिती पोलिसांना दिल्याबद्दल वेगळे पैसे कापते. विजेच्या फलकावर ‘वार्को आत्तिवो’ असेल तर बंदी चालू आहे, तिकडे वळू नका. मॅप रस्ता दाखवतोय म्हणून आत जायचं नाही. हॉटेल त्या भागात असेल, तर गाडीचा नंबर आधी नोंदवून घेतात का, हे बुकिंग करतानाच विचारा.

डोंगरात स्वित्झर्लंडला निळ्या पाटीवर पिवळा शिंग-कर्णा दिसला तर तो पोस्टबसचा, म्हणजे टपाल सेवेच्या प्रवासी बसचा रस्ता. करूळ घाटात एसटीला वाट देतो तशी तिला द्यायची, आणि बसचालकाने मागे घ्यायला सांगितलं तर मागे घ्यायची. अरुंद जागी लाल कडेच्या वर्तुळात लाल आणि काळा बाण असतात : लाल बाण तुमचा, म्हणजे तुम्ही थांबा. निळ्या चौकोनात पांढरा बाण मोठा असेल तर आधी तुम्ही.

अमेरिकेत चित्रांपेक्षा मजकूर जास्त, तो इंग्रजीत असल्याने अडत नाही. दोन गोष्टी लक्षात असू द्या. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी थांबला तो आधी निघतो. लाल सिग्नलवर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण तिथे मनाईची पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात मात्र सहसा वळता येत नाही. जपानमध्ये स्टॉपची पाटी अष्टकोनी नसून उलटा लाल त्रिकोण असते.

तयारी घरूनच होते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना (फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष) त्या देशाच्या वाहतूक खात्याची पाट्यांची पुस्तिकाही उतरवून घ्या. मग गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर विमानतळ ते हॉटेल हा रस्ता एकदा पाटी-पाटीवर थांबत बघा. गाडीत शेजारी बसणाऱ्याला पाट्या मोठ्याने वाचायचं काम द्या, मॅपचं नव्हे. मॅप स्वतः बोलतो. भाषांतराचं ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं आधीच डाउनलोड करा. पार्किंगच्या पाटीचा फोटो गाडी सोडण्यापूर्वीच काढा, गाडीही त्यात दिसेल असा.