बद्द झालेला मराका दुरुस्त करताना

वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाच्या माझ्या मराकांपैकी (दांडा धरून हलवत वाजवायच्या खुळखुळ्यांपैकी) एक काही महिन्यांपासून बद्द वाजत होता. लॅटिन अमेरिकेच्या संगीतात मराका बहुधा जोडीने वाजवतात आणि दोन्हींच्या आवाजात मुद्दाम थोडा उंच-नीचपणा ठेवतात, त्यामुळे हा फरक मूळचाच असावा असे समजून मी दुर्लक्ष केले. मात्र एकदा वाजवताना दांड्याच्या सांध्यातून पिवळसर पूड तळहातावर सांडली.

दांडा हळूहळू पिळून सोडवला, तेव्हा आतल्या बिया किडीने पोखरलेल्या आढळल्या. त्यांची पूड कवचाला आतून चिकटल्याने दाण्यांचा आघात मऊ पडत होता. शिवाय भोकापासून बोटभर लांब चीर गेली होती. कवच ओल धरते म्हणून पाणी न वापरता कोरड्या कुंचल्याने ते झाडले, चिरेत लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला गोंद भरला आणि दोऱ्याने आवळून एक दिवस ठेवले.

खरी चूक पुढे झाली. आवाज मोठा यावा या हव्यासाने मी मूठभर खडे भरले. ते कवचावर आपटण्याऐवजी एकमेकांतच घुसमटले आणि नुसती खरखर उरली. मग दोन-दोन खडे काढत, दांडा तात्पुरता बसवून प्रत्येक वेळी जोडीतल्या दुसऱ्या मराकाशी आवाज ताडून पाहिला. जेमतेम 25 खडे उरले, तेव्हा झटक्यासरशी स्वच्छ, तुटक ठोका आला आणि त्यानंतरच दांडा गोंदाने कायमचा बसवला.