डॉलरला रुपयांनी गुणू नका: अमेरिकेतली गरिबी ठाण्यात बसून कशी समजून घ्यावी

अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राच्या वर्गात अमेरिकेतल्या गरिबीचा विषय निघाला की पहिला हिशेब ठरलेला. चौघांच्या कुटुंबाची 2024 ची दारिद्र्यरेषा वर्षाला 31,200 डॉलर, म्हणजे पंचवीस लाख रुपयांहून जास्त. मग हे कसले गरीब? तिथेच चर्चा संपते. पण डॉलर कमावणारा माणूस भाडंही डॉलरमध्येच भरतो, हे त्या गुणाकारात कुठेच येत नाही.

म्हणून वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे टेक्सासमधली एकटी आई आणि एक मूल घ्या. केंद्राचा किमान वेतनदर तासाला 7.25 डॉलर, जुलै 2009 पासून तोच. आठवड्याला 40 तास, 52 आठवडे, एकही खाडा नाही: 15,080 डॉलर. दोघांसाठीची 2024 ची रेषा 20,440. पूर्णवेळ राबूनही 5,360 कमी पडतात. राज्याचं नाव आधी लिहा, कारण कॅलिफोर्नियात त्याच वर्षी किमान दर 16 डॉलर होता, आणि रेषा मात्र दोन्हीकडे एकच.

उजवीकडे ठाणे शहरातल्या लोकमान्यनगर किंवा वागळे इस्टेटमधल्या 10 बाय 12 च्या खोलीत राहणारं कुटुंब. त्यांच्या परवानगीनेच विचारा, नाव लिहू नका. सुरुवात पगारापासून नको, कारण तो आकडा लोक गोल करून सांगतात. आधी खर्च विचारा: भाडं, सिलिंडर, रेशनबाहेरचं धान्य, शिकवणी, औषधं, बसचा पास. डिपॉझिटसाठी उसने घेतले असतील तर त्याचा हप्ता हमखास राहून जातो. तो आठवणीने विचारा. मग दोन्ही बाजूंना भाडं भागिले उत्पन्न करा. तुलना या टक्केवारीची करायची.

रेषा आली कुठून, हेही वर्गात सांगा. 1960 च्या दशकात अमेरिकी सरकारच्या अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याला तिनाने गुणलं, कारण तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जायचा. आज घरभाडं आणि दवाखाना बराच मोठा वाटा खातात. रेषा मात्र फक्त महागाईच्या दराने सरकते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अमेरिकेतल्या गरिबीच्या दोन मापांची, अधिकृत आणि पूरक, सरमिसळ केल्याने. अधिकृत माप करपूर्व रोख उत्पन्न मोजतं. फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत) आणि करसवलती त्यात नाहीत. पूरक माप त्या धरतं. 2021 मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवली, तेव्हा पूरक मापाने बालगरिबी 5.2 टक्क्यांवर आली. वाढीव सवलत बंद होताच 2022 मध्ये 12.4 टक्के झाली. अधिकृत मापात याच दोन वर्षांचे आकडे 15.3 आणि 15.0. लाखो मुलांच्या ताटात पडलेला फरक त्या मापाला दिसलाच नाही. आकडा लिहिताना माप आणि वर्ष शेजारी लिहाच.

आता विषमता. पाच काल्पनिक कुटुंबांचं मासिक उत्पन्न हजारांत, चढत्या क्रमाने: 12, 18, 30, 60, 180. बेरीज 300. प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाने गुणून बेरीज करा: 1,278. तिची दुप्पट 2,556. तिला 5 गुणिले 300, म्हणजे 1,500 ने भागा: 1.704. त्यातून सहा भागिले पाच, म्हणजे 1.2 वजा करा. उरले 0.504, हाच गिनी गुणांक, म्हणजे विषमतेचं माप: 0 म्हणजे सगळ्यांना सारखं, 1 च्या जितकं जवळ तितकी दरी मोठी. क्रम उतरता लावला तर उत्तर ऋण येतं; मुलांची चूक बहुधा तिथेच असते. अमेरिकेतल्या कुटुंबांच्या करपूर्व उत्पन्नाचा 2023 चा गिनी 0.485. तिथे वरच्या 20 टक्के कुटुंबांकडे निम्म्याहून जास्त उत्पन्न जातं, तळाच्या 20 टक्क्यांकडे 3 टक्क्यांच्या आसपास.

हा आकडा भारताच्या नेहमीच्या गिनीशेजारी ठेवू नका. आपला बहुतेकदा खर्चाच्या पाहणीतून काढलेला असतो. श्रीमंत घरातला बचतीचा पैसा खर्चात येत नाही, त्यामुळे दरी प्रत्यक्षापेक्षा अरुंद दिसते.