खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी-आजोबांना काय आणि किती खाऊ घालावं

पडून मोडलेल्या खुब्याच्या हाडात रॉड किंवा कृत्रिम बॉल बसवून म्हातारं माणूस घरी आलं की आपल्याकडे पथ्य सुरू होतं. तांदळाची पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर. वरण नको, दही नको, जखमेत पू होईल. मला कळकळीनं सांगायचंय, हे पथ्य पाळू नका. वरणानं किंवा दह्यानं पू होत नाही. जखम भरायला आणि पायात बळ यायला प्रथिनंच लागतात, आणि पेजेत ती नसल्यासारखीच असतात. अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं मांस फार लवकर झडतं.

आधी गरज काढा. पडण्याआधीचं वजन दवाखान्याच्या जुन्या कागदावर सापडतं. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरा. ५० किलोच्या आजीला ६० ते ७५ ग्रॅम लागतील. वजन माहीत नसेल तर चांगल्या पायाची पोटरी जाड जागी टेपनं मोजा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर पोषण कमी पडत असण्याची शक्यता मोठी, डॉक्टरांना तसं सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा त्यांनाच ठरवू द्या.

मग ताटाचा हिशोब करा. दोन कप दूध १३ ग्रॅम, दोन अंडी १२, दोन वेळचं घट्ट वरण १३, ज्वारीच्या दोन भाकरी १०, मूठभर शेंगदाण्यांचा कूट ७, वाटीभर दही ५. झाले ६०. पण दुखण्यानं तोंडाची चव गेलेली आजी एवढं सगळं कुठं खाते? माळकरी घरात तर अंडीही नसतात. तिथं दळणात किलोमागे १०० ग्रॅम भाजलेलं सोयाबीन टाका, आपल्या भागात त्याला तोटा नाही. भाकरी दुधात कुस्करून द्या, खिरीत दोन चमचे दूध पावडर मिसळा. कवळी घरी राहिली असेल तर आधी ती आणा, पुष्कळदा ती नसल्यामुळेच खाल्लं जात नाही.

उरलेली तूट दुधात किंवा पाण्यात कालवून प्यायच्या प्रथिनांच्या पावडरनं भरा. डब्यावरच्या जाहिरातीकडे नाही, मागच्या तक्त्याकडे पाहा. पुष्कळ पावडरींत साखरच जास्त असते. दिवसभरातल्या अशा पेयांतून मिळून किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. मधुमेह असेल तर साखर नसलेली पावडर विचारून घ्या. पेय दोन जेवणांच्या मध्ये आणि झोपताना, थोडं थोडं द्या. जेवणाआधी दिलं की भूक मरते. निदान महिनाभर चालू ठेवा. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणारी संस्था आहे. तिच्या २०१६ च्या आढाव्यात खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पूरक आहारावरच्या ४१ चाचण्या तपासल्या होत्या. पूरक आहारानं ऑपरेशननंतरची गुंतागुंत कमी होऊ शकते असं त्यात दिसलं, पण पुरावा फार भक्कम नाही, आणि मृत्यू टळतात असं स्पष्ट दिसलं नाही. म्हणून महागडा डबा परवडत नसेल तर जीव टांगणीला लावू नका, दूध, डाळ, अंडी यांवर पैसे घाला.

गोळ्या लिहून दिल्या तशाच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदा असते, रोज देऊ नका. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको.

भरवताना नीट बसवा, पाठीला लोड द्या, आडवं झोपवून कधीच नको. डॉक्टरांनी पायावर भार द्यायला सांगितलं असेल तर वॉकर धरून रोज चालवा. नुसत्या खाण्यानं स्नायू भरत नाहीत. बद्धकोष्ठतेनं भूक जाते, तेव्हा पाणी, ताक, शिजवलेल्या भाज्या द्या. या काळात एकादशी धरू देऊ नका, विठोबा रागावणार नाही.

घास गिळताना वारंवार ठसका लागला, अचानक बरळणं सुरू झालं किंवा दोन दिवस अन्नच गेलं नाही, तर वाट न पाहता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा.