गाडी लावतानाच रिव्हर्स घ्या

दोन उंच गाड्यांच्या मधून आपली गाडी मागे काढायची म्हणजे अर्धी गाडी बाहेर येईपर्यंत काहीच दिसत नाही. मध्येच पळत आलेलं लहान मूल तर नाहीच नाही. म्हणून मी आता गाडी लावतानाच रिव्हर्समध्ये लावतो. दोन मिनिटं जास्त जातात, पण निघताना समोरचं सगळं स्वच्छ दिसतं.

१. इंडिकेटर द्या आणि रिकाम्या जागेच्या थोडं पुढे जाऊन थांबा. जाता जाताच आत खांब, दगड किंवा लोंबणारी फांदी नाही ना, हे बघून घ्या.

२. रिव्हर्स टाकून स्टिअरिंग जागेच्या दिशेला वळवा आणि अगदी हळू मागे या. वळतात ती पुढची चाकं, त्यामुळे अरुंद जागेतही गाडी मागून सहज बसते. मात्र तिचं नाक विरुद्ध बाजूला बाहेर झुकतं. शेजारच्या गाडीला घासतं ते इथेच, तेव्हा एक नजर तिकडेही ठेवा.

३. दोन्ही आरशांत बाजूचे पट्टे सारख्याच अंतरावर दिसले की स्टिअरिंग सरळ.

वाकडी गेली तर ओढाताण करू नका, पुढे घेऊन पुन्हा या.

पट्टे तिरपे आखलेले असतील किंवा डिकीत सामान भरायचं असेल, तर पुढूनच लावा. आणि कॅमेरा असला तरी मान वळवून मागे बघाच, भिजलेल्या किंवा मळलेल्या काचेतून तो धूसर दाखवतो.