हिरव्या पाण्यावर कर्दळीचा तराफा
ठाण्यातल्या सोसायटीचं तळं उन्हाळ्यात हिरवं पडतं ते शेवाळामुळे. शेवाळ माजतं सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. तेच खाद्य तरंगत्या तराफ्यावरच्या कर्दळीला द्या.

110 मिमी पीव्हीसी पाइपचे एकेक मीटरचे 4 तुकडे एल्बोने (काटकोनी जोडाने) चौकोनात जोडा. हा तराफा 30 किलो भार पेलतो. सांध्यांना सॉल्व्हंट सिमेंट लावून रात्रभर वाळवा. केसाएवढी फट राहिली तरी पाणी शिरून तराफा कलतो. खाली नायलॉनची जाळी, वर काथ्या, त्यात कर्दळ नि वाळ्याची 12 रोपं. माती नको, धुपून गाळ होतो. तराफा काठाला बांधताना दोरीला ढील ठेवा, पावसात पाणी चढतं.

पिवळी पानं पंधरवड्याला कापून बाहेर काढा. पाण्यात कुजली की शोषलेलं सगळं परत तळ्यात. जलपर्णी मात्र चुकूनही सोडू नका.