गॉगलची मेटल फ्रेम ढिली झाली? फेकू नका, स्क्रू बदला

नागपूरच्या उन्हात गॉगल म्हणजे शौक नाही, गरजच आहे, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की घामाने नाकावरून सारखा घसरतो तेव्हा लोक वैतागून नवाच घेतात. थांबा जरा. आधी बघा ढिलं नेमकं काय झालंय. काडी लटपटत असेल तर बिजागरीचा स्क्रू, काच हलत असेल तर रिमचा, आणि नुसता घसरत असेल तर बहुतेक नोजपॅड (नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या) कडक किंवा पिवळे पडलेले असतात.

घरी करायचं असेल तर चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूचं किट ऑनलाइन मिळतं. बिजागरीचा स्क्रू बऱ्याचदा १.४ मिमी जाडीचा असतो पण लांबी वेगवेगळी येते, म्हणून जुना स्क्रू सोबत ठेवून मापाचाच घ्या, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) चष्म्याच्या दुकानात दाखवला तरी चालेल. पांढरा टॉवेल अंथरून त्यावरच काम करा, स्क्रू एकदा फरशीवर पडला की सापडत नाही.

स्क्रू बसवायच्या आधी आट्यांवर पारदर्शक नेलपेंटचा अगदी छोटा थेंब लावा, वाळलं की स्क्रू आपोआप सैल होत नाही आणि लागलं तर खोलताही येतो. काचेला मात्र लागू देऊ नका. फेविक्विक बिलकुल नको, बिजागरी कायमची जाम होते आणि वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते. नोजपॅड सिलिकॉनचे घ्या, फक्त स्क्रूवाले की दाबून बसणारे ते आधी पाहून. स्क्रू फिरतच राहिला, आवळलाच जात नसेल तर आटे गेलेत, तेव्हा दुकानातच द्या.