बोटावरची शाई आणि कंटिन्युइटीची वही

वाईच्या शेड्यूलचा बारावा दिवस होता. मतदान केंद्राचा सीन. शाळेच्या वर्गात आर्टवाल्यांनी पुठ्ठ्याचे आडोसे लावून ठेवले होते, बाहेर गावकऱ्यांची रांग उभी होती. मेकअपदादा काळा मार्कर घेऊन माझ्याकडे आले. "ताई, शाई कोणाकोणाला लावायची?"

मी वही उघडली आणि पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी वाड्याच्या गच्चीवरचा प्रेमाचा सीन उरकला होता. कथेत तो मतदानाच्या रात्री घडतो. त्यात नायक नायिकेचा डावा हात हातात घेतो, छान लांबलचक क्लोजअप आहे, आणि तिची तर्जनी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ.

कंटिन्युइटी म्हणजे उलटसुलट क्रमाने शूट झालेले सीन कथेच्या क्रमाने लावल्यावर एकमेकांशी जुळतात ना, यावर नजर ठेवण्याचं काम. त्या कामाला माझा तो पहिलाच सिनेमा. अर्धा राजकीय थरारपट, अर्धी प्रेमकथा. नायक आमदाराचा पीए, नायिका तालुक्याच्या पेपरची वार्ताहर. साहेबांच्या नोटांच्या बॅगा रात्री कुठे जातात हे तिला शोधायचंय, आणि त्या नेणारा हाच. अशा सिनेमावर एडी (सहाय्यक दिग्दर्शक) म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

चूक शाईची नव्हती, वहीची होती. मी मोठ्या हौसेने पटकथेचे दोन भाग पाडले होते. प्रेमाच्या सीनना गुलाबी चिकटपट्टी, राजकारणाच्या सीनना निळी. गच्चीचा सीन गुलाबी, म्हणून तिथे मी कानातले, केसांची बट, ओढणी कुठल्या खांद्यावर, कपात चहा किती, एवढंच बघत बसले. शाई निळ्या पानांवर होती.

त्या दिवशी निभावलं ते नशिबाने. नायिका वार्ताहर असल्यामुळे तिला केंद्राबाहेर वही घेऊन उभं केलं. तिचं नाव पुण्याच्या मतदार यादीत आहे, असं एक वाक्य गच्चीच्या सीनमध्ये तिच्या पाठीवरच्या शॉटवर डबिंगला चढवलं. नायकाचा डावा हात त्या सीनभर खिशात होता, देव पावला. दिग्दर्शक आता ती ओळ स्वतःची युक्ती म्हणून सांगतात. मी काही बोलत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे एकच वही, एकच पट्टी. आणि पटकथा हातात आली की सीन नंबर बाजूला ठेवून आधी कथेचे दिवस मोजा. पहिला दिवस, दुसरा दिवस, दुसऱ्याची रात्र. निवडणुकीची गोष्ट असेल तर हे दिवस लेखकाच्या मर्जीने चालत नाहीत. विधानसभेला अर्ज भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी छाननी, मग माघार, आणि माघारीच्या शेवटच्या तारखेनंतर मतदानाला किमान 14 दिवस लागतात. मतदान संपण्याच्या वेळेआधी 48 तास जाहीर प्रचार बंद. आमच्या पटकथेत माघारीची रात्र आणि मतदान यांच्यामध्ये "चार दिवसांनी" असं लिहिलेलं होतं. मी ते दाखवल्यावर लेखक आधी वैतागले. मग तेच म्हणाले, बरं झालं, या दोघांना प्रेमात पडायला चार दिवस कमीच पडत होते. तिथे आणखी दोन सीन आले, आणि दाढी किती वाढली याचा हिशेब माझ्या मागे लागला.

शाईचंही थोडं बघून ठेवा. मैसूर पेंट्सची ही शाई 1962 च्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की ती काळपट होते. आता ती नखाच्या टोकापासून खाली कातडीपर्यंत रेघेसारखी ओढतात, पूर्वी नखाच्या मुळाशी ठिपका असायचा. म्हणजे कथा नव्वदच्या दशकातली असेल तर रेघ चुकीची. कातडीवरची खूण आधी जाते, नखावरची नख वाढेल तशी पुढे सरकते. कथा मतदानानंतर महिनाभर चालत असेल तर मेकअपदादांना हे आधीच सांगून ठेवायला हवं.

पण खरी मेख वेगळीच. सातव्या दिवशी आम्ही चहाच्या टपरीवरचा सीन लावला होता. लाइट झाले, क्लॅप तयार, आणि नायिकेने दिग्दर्शकांऐवजी माझ्याकडे वळून विचारलं, "बॅग हाच नेतो हे मला आता कळलंय, की नाही?" मला सांगता येईना. पटकथेत त्या सीनमध्ये बॅगेचा शब्दही नाही, दोघं पावसाबद्दल बोलतात. पण ते कळलेलं असेल तर तिचं हसणं वेगळं, नसेल तर वेगळं. मागची पानं चाळायला मला पाच मिनिटं लागली आणि सेटवर पाच मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी समजलं. लाइटमन मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती अजून आठवते.

त्या रात्री वहीत नवा रकाना आखला: कोणाला काय माहीत. प्रत्येक सीनसमोर दोघांची नावं आणि त्या क्षणापर्यंत त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी. कपडे, दागिने, प्रॉपर्टी (म्हणजे सीनमधल्या वस्तू) यांचे फोटो मोबाइलमध्ये निघतात (क्लॅप दिसेल असे काढा, नाहीतर नंतर कुठला सीन ते ओळखू येत नाही). माहितीचा फोटो निघत नाही, ती लिहूनच ठेवावी लागते.

सरावासाठी 1942 चा 'कासाब्लांका' घ्या. जेमतेम पावणेदोन तासांचा सिनेमा. युद्धातून पळणाऱ्यांची कागदपत्रं, नाझी अधिकारी, आणि मध्ये रिक आणि इल्साचं जुनं प्रेम. बघताना तो रकाना भरा. पॅरिसमध्ये रिकला तिचं लग्न झालंय हेच माहीत नाही. तिला वाटतंय, नवरा छळछावणीत मेला. मग तो जिवंत असल्याचं तिला कळतं, आणि ती रिकला काही न सांगता मागे राहते. रिकला हे पुढे तुकड्यातुकड्याने समजतं: लाझ्लो तिचा नवरा आहे हे एकदा, आणि ती स्टेशनवर का आली नाही हे त्याच्याही नंतर. दोन प्रवास परवाने पियानोत लपवलेले आहेत. जागा दोनच, माणसं तीन. म्हणजे राजकारणाचा कागद आणि प्रेमाचा प्रश्न ही एकच वस्तू झाली. अशी वस्तू तुमच्या पटकथेत कुठली आहे ते शोधा आणि तिच्यावर घारीसारखी नजर ठेवा. आमच्याकडे ती बॅग होती. तिची चेन कुठपर्यंत उघडी होती, याची माझ्याकडे अकरा फोटोंची नोंद आहे.

बाकीचं थोडक्यात. पक्षाचं नाव, झेंडा, चिन्ह खऱ्या पक्षाच्या जवळपासही जाणार नाही हे आर्टवाल्यांबरोबर बसून तपासा, सेन्सॉरला जायच्या आधी ते आपल्याच हातात असतं. पॅकअपनंतर पोस्टर स्वतः मोजून उतरवून घ्या. आमचं एक बसस्थानकामागच्या भिंतीवर राहून गेलं. दुसऱ्या दिवशी एक आजोबा सेटवर येऊन आमच्या आमदाराला विचारत होते, साहेब, आमच्या वाडीच्या पाण्याचं कधी बघताय? नट बिचारा हो हो म्हणाला. मानधनाचं मात्र सुरुवातीलाच लेखी घ्या, शेड्यूल लांबलं तर किती, हेसुद्धा. मी घेतलं नव्हतं.

'कासाब्लांका'चं बरंचसं शूटिंग कथेच्या क्रमानेच झालं, कारण सुरू करताना पटकथा अर्धीच तयार होती. ते वाचून मला भयंकर हेवा वाटला होता. परवा नव्या सिनेमाची कॉलशीट, म्हणजे कुठल्या दिवशी काय शूट होणार याचा कागद, आली. पहिला दिवस: मतमोजणी. दुसरा दिवस: दोघांची पहिली भेट.